फाटक किती उघडं ठेवावं?

पाचगणीच्या टेबललँडवर गोल्फ खेळला जात नाही, आणि तो तिथे कधी खेळला जाऊही नये. तरी खासगी गोल्फ मैदानांचा वाद घालायला याहून योग्य जागा सातारा जिल्ह्यात सापडणं कठीण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा सडा शंभर एकरांच्या आसपास पसरला आहे, आणि अठरा होलच्या गोल्फ कोर्सलाही साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. म्हणजे आकार जवळपास सारखाच. पण सड्यावर सहलीची मुलं, मुंबईची कुटुंबं, घोडेवाले, टांगेवाले, सकाळी फिरायला येणारी गावातली म्हातारी माणसं असे सगळे पाय ठेवतात आणि कुणी कुणाची ओळख विचारत नाही. खासगी क्लबच्या फाटकावर मात्र पहिलाच प्रश्न असतो, ‘कोणाकडून आलात?’ गोल्फवेड्यांच्या गप्पांत हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतच राहतो. कुणाच्या चिठ्ठीवर कुठे खेळायला मिळालं, कुठल्या क्लबात अजून शिरकाव झालेला नाही, आणि शेवटी हमखास, ‘मग, आम्हांला तुमच्याकडे कधी नेताय?’ खाली असेच दोन स्नेही बोलत आहेत. दोघंही कल्पित आहेत. एक जुन्या क्लबचा सभासद, दुसरा कुठलंच सभासदत्व नसलेला पाहुणा. पाहुण्याची बाजू माझी आहे, पण सभासदाच्या म्हणण्यात वजन आहे म्हणूनच ते इथे पुरतं मांडलं आहे.

सभासद: तुम्ही दर वेळी विचारता, फाटक बंद का. उत्तर तुमच्या पायांखालीच आहे. या पठारावर सगळ्यांना मोकळीक आहे, आणि त्याची खूण जागोजाग दिसते. घोड्यांच्या टापांनी नि टांग्यांच्या चाकांनी वाटा उघड्या पडल्या आहेत. जांभ्यावर मातीचा थर तो केवढा! पावसाळ्यात गवत धरतं, चार महिने हिरवं दिसतं, मग पुन्हा तांबडा खडक. ही जमीन सगळ्यांची आहे म्हणताना तिची काळजी नेमकी कुणाची, हे कुणी सांगू शकत नाही. आता आमचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची हिरवळ, बघा. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. उंचावरून पडलेल्या चेंडूचा खड्डा लगेच नीट केला नाही तर ती जागा बरेच दिवस भरत नाही. कुणी पाय घासत चालला, तर मागून येणाऱ्याचा चेंडू त्या ओरखड्यावरून वाकडा जातो. ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यावर, म्हणजे फेअरवेवर, उखडलेलं ढेकूळ परत जागेवर बसवायचं असतं, बंकरमधून बाहेर पडताना वाळू सारखी करायची असते. या गोष्टी फलक लावून होत नाहीत. त्या सवयीने होतात, आणि ज्याला उद्या पुन्हा तिथेच खेळायचं आहे त्यालाच ती सवय लागते. एकदाच येऊन जाणाऱ्याला ती का लागेल?

पाहुणा: टेबललँडची झीज खरी आहे, आणि ती नाकारून मला माझा मुद्दा रेटायचा नाही. पण ती झीज कशाने झाली? लोक फार आले आणि कसंही वापरलं म्हणून. आलेल्यांची कुणाशी ओळख नव्हती म्हणून नव्हे. तुम्ही या दोन कारणांची गाठ मारता, आणि आपला सगळा वाद त्या गाठीत अडकतो. याच जिल्ह्यात कास आहे. तोही जांभ्याचाच सडा, मातीचा थर तसाच पातळ, आणि फुलं तर इतकी नाजूक की एका चुकल्या पावलाने एका हंगामाचं नुकसान व्हावं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दी उसळली. तेव्हा वन विभागाने आणि आजूबाजूच्या गावांच्या समितीने काय केलं? फुलांच्या दिवसांत दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरवलं, आगाऊ नोंदणी ठेवली, शुल्क लावलं, पायवाटा आखल्या, गावातलीच माणसं राखणीला उभी केली. तिथे तक्रारी आहेतच, व्यवस्था दर वर्षी थोडी बदलते. पण कासला जाणाऱ्याला ‘तुमच्या ओळखीचं कोण आहे’ असं कुणी विचारत नाही. जागा जपायची तर माणसं मोजावी लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. मोजताना ती कोणाची कोण लागतात हे विचारायचं कारण मात्र मला सापडत नाही. गोल्फमध्ये तर मोजणी आधीपासून आहेच. दर दहा मिनिटांनी चौघं सोडले तर तासाला चोवीस खेळाडू होतात, त्याहून जास्त मैदानाला पेलतच नाहीत. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, तुमचं मैदान दुपारभर ओस असतं तेव्हा, दोन तास पाहुण्यांना दिले तर अठ्ठेचाळीस माणसं खेळतील. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीचं, प्रमाणपत्र मागा, नियम वाचून सही घ्या, बरोबर पिशवी वाहणारा क्लबचा कॅडी सक्तीचा करा. हे सगळं मला चालेल. खड्डा बुजवायची सवय खेळाडूला खेळ शिकताना लागते, सभासदत्वाच्या पावतीबरोबर ती मिळत नाही.

सभासद: मोजणीचं ठीक आहे. पण तुम्ही मूळ गोष्ट बाजूला ठेवली. क्लब म्हणजे काही माणसांनी एकत्र येऊन, पैसे घालून, उभं केलेलं घर आहे. कित्येकांनी वेटिंग लिस्टवर वर्षंच्या वर्षं काढली. संघ स्थापन करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दिलेलं आहे, आणि कुणाबरोबर बसायचं हे ठरवता येत नसेल तर त्या स्वातंत्र्याला अर्थ काय उरला? तुमच्या दिवाणखान्यात आठवड्यातून दोन तास अनोळखी माणसं बसवा असं मी म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल?

पाहुणा: दिवाणखाना तुमचाच. क्लबहाउस, तिथलं जेवणाचं दालन, पत्त्यांची टेबलं, वार्षिक सभा, यांतलं काहीच मी मागत नाही. माझं म्हणणं मैदानापुरतं आहे, कारण शंभर एकर जमीन दिवाणखान्यासारखी वागवता येत नाही. त्यातही कित्येकदा ती जमीन क्लबची नसतेच. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स घ्या. २११ एकर, भाडेपट्ट्याने दिलेली सार्वजनिक जमीन. १९१४ पासूनचा नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा २०१३ साली संपला, आणि त्यानंतर दहा वर्षं शहरात तिच्यावरून वाद चालला. शेवटी २०२४ मध्ये सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी द्यायचे आणि ९१ एकर शर्यतींच्या क्लबकडे ठेवायचे असं ठरलं. त्या उद्यानाखाली काय बांधणार यावरून लोकांच्या मनात शंका आहेत, आणि त्या रास्त आहेत. पण पट्टा संपल्यावर जमिनीचा मालक दाराशी येतो, एवढं त्या प्रकरणातून प्रत्येक क्लबने शिकावं. दिल्ली गोल्फ क्लबही सरकारी पट्ट्याच्या जमिनीवरच आहे. २०१७ साली तिथल्या जेवणाच्या दालनातून एका खासी बाईला तिच्या पारंपरिक जैनसेम वेशामुळे उठवण्यात आलं. ती पाहुणी म्हणून रीतसर बोलावलेली होती. देशभर संताप झाला तो याच कारणाने, की जनतेच्या जमिनीवर बसून जनतेतल्या एका बाईचे कपडे तपासले गेले.

सभासद: एक प्रसंग घेऊन सगळ्या क्लबांना झोडपू नका. क्लबांनी दारं उघडलीही आहेत. विलिंग्डन क्लब कसा सुरू झाला ते विसरलात? मुंबईच्या गोऱ्यांच्या क्लबात हिंदी पाहुण्यांना नेता येईना म्हणून लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१७ साली दोघांना एकत्र बसता येईल असा क्लब काढला, असं सांगतात. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पाहुणा: मुळीच नव्हती. पण त्याच क्लबातून १९८८ साली एम. एफ. हुसेन यांना परत पाठवलं गेलं, कारण ते अनवाणी होते. पंढरपुरात जन्मलेला, साऱ्या जगाने ओळखलेला चित्रकार, आणि अडचण काय तर पायांत जोडा नाही. रंगाचा उंबरठा ज्यांनी पार केला त्यांनीच सत्तर वर्षांनी जोड्याचा उंबरठा उभा केला. त्या क्लबातल्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. कुणाला घ्यायचं हे आतल्यांनीच आपापसांत ठरवायचं म्हटलं की जुना निकष गेला तरी नवा येतो, मग तो कातडीचा असो, कपड्यांचा असो किंवा बाई-पुरुषाचा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायला २०१४ साल उजाडलं. म्युअरफील्डचा क्लब तर १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम करणाऱ्यांचा. २०१६ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि स्त्रियांना पुन्हा नाकारलं. लगेच ओपन स्पर्धा भरवण्याचा त्यांचा मान काढून घेण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी मत फिरलं. अमेरिकेत ऑगस्टा नॅशनलमध्ये पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली आला, पहिल्या स्त्रिया २०१२ साली. या सगळ्या ठिकाणी बदल बाहेरून ढकलल्यावर झाला. आतून आपणहून झाल्याचं उदाहरण मी शोधतो आहे, तुम्हांला ठाऊक असेल तर सांगा.

सभासद: सांगता येणार नाही. पण तुम्ही ज्या स्कॉटलंडचे दाखले देता तिथलंच एक मी सांगतो. म्युअरफील्डने स्त्रियांना दार बंद ठेवलं, पण पाहुण्यांना कधीच ठेवलं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी बाहेरचा खेळाडू फी भरून तिथे खेळतो. म्हणजे खासगी क्लब असूनही पाहुण्याला जागा देता येते. हे मी तुमच्या बाजूने बोलतोय की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

पाहुणा: माझ्या बाजूने, आणि त्याबद्दल आभार. माझी मागणी तेवढीच आहे. आठवड्याचे ठरलेले वार, जाहीर केलेली फी, सर्वांना सारखी अट. सेंट अँड्र्यूज तर याच्याही पुढचं आहे. जगातला सगळ्यांत नावाजलेला ओल्ड कोर्स कुठल्याच क्लबचा नाही. तिथल्या गावकऱ्यांचा त्या वाळवंटी किनाऱ्यावर खेळण्याचा हक्क १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने लेखी मान्य केला. तीच जागा पुढे कर्जबाजारी नगरपालिकेच्या हातून निसटली, सशांचा धंदा करणाऱ्यांनी ती पोखरली, आणि अखेर १८९४ साली गावाने ती परत घेतली. १९७४ पासून एक न्यास ती चालवतो. खेळायचं असेल तर सोडतीत नाव घालायचं, हँडिकॅप दाखवायचा. रविवारी तिथे सहसा खेळ नसतो, गावातली माणसं फेअरवेवरून फिरतात. रॉयल अँड एन्शंटचं दगडी क्लबहाउस पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागेच उभं आहे, आणि त्यात सभासदांशिवाय कुणाला बसता येत नाही. घर खासगी, मैदान सगळ्यांचं. चिठ्ठीची गरज नसल्यामुळे त्या मैदानाची प्रतिष्ठा कमी झाली, असं कुठल्याच गोल्फपटूला वाटत नाही.

सभासद: तिथे वाळू आहे, वारा आहे, गवत आपोआप उगवतं. आपल्याकडे मार्च ते मे हिरवळ टिकवायला काय खर्च येतो ते मला विचारा. असो. माझा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो पैशाचा नाही. आमंत्रणाला एक गोडी असते. मी तुम्हांला माझ्या मैदानावर नेतो, पहिल्या टीवर उभं राहून सांगतो की डावीकडचं झाड फसवतं, सातव्यावर वारा उलटा फिरतो. चार तास आपण बरोबर चालतो. खेळ संपल्यावर चहा माझ्याकडून. हे तुमच्या ग्रीन फीच्या खिडकीवर मिळणार आहे का? जे कुणालाही पैसे टाकून मिळतं, त्याचं मी स्नेह्याला काय देऊ?

पाहुणा: या आक्षेपापाशी मी खरंच थांबतो, कारण यात खेळाचं मर्म आहे. अनोळखी मैदान त्या मैदानाच्या माणसाबरोबर खेळण्यासारखं सुख नाही. पण बंद फाटकाने त्या स्नेहाचं काय होतं तेही बघा. बाहेरच्याला आत जायचा एकच मार्ग तुम्ही, त्यामुळे तुमच्याशी बोलताना त्याच्या मनात एक मागणी सतत असते. तुम्हांला ती कळते. पाहुण्यांना मर्यादा असते म्हणून तुम्ही याला नेता, त्याला टाळता, आणि टाळलेल्याच्या मनात अढी बसते. धंद्यातला माणूस तुम्हांला जेवायला बोलावतो तेव्हा तो तुमच्यासाठी बोलावतोय की तुमच्या क्लबसाठी, हे तुम्हांला नीट सांगता येत नाही. फी भरून मला स्वतःला येता आलं, तर तुमच्या आमंत्रणात तुम्हीच उराल. झाड कुठे फसवतं ते ऐकायला मी तुमच्याबरोबरच येईन, आणि तेव्हा मला तुमच्याकडून दुसरं काहीच नको असेल.

सभासद: बोलण्यात तुम्ही जिंकता. पण फी लावली म्हणजे फाटक सगळ्यांना उघडलं असं समजू नका. काठ्यांचा संच, जोडे, चेंडू, कॅडीचे पैसे, वर ग्रीन फी. तुमच्या अठ्ठेचाळीस माणसांत वाईच्या शेतकऱ्याचा पोरगा एकही नसेल. एका श्रीमंताच्या जागी दुसरा श्रीमंत येईल, एवढाच फरक.

पाहुणा: हे सगळ्यांत कठीण आहे, आणि ग्रीन फी हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. पण भारतीय गोल्फचा इतिहास इथे बोलतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी म्हणून वाढले. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनची देखभाल करत. १८२९ साली स्थापन झालेला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब तो. माळ्याचा हा मुलगा तिथेच बघून बघून खेळ शिकला आणि २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला, पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन. हे दोघं फाटकातून आत आले ते काम करणारे म्हणून. हातात काठी धरायची मुभा मिळाली तेव्हा त्यांनी काय केलं ते आपण पाहिलं. ज्यांना अशी आडवाटही सापडली नाही, अशी किती मुलं भिंतीबाहेर राहिली असतील? म्हणून वारांच्या जोडीला दुसरी मागणी आहे. कॅडींना आणि मैदानावरच्या कामगारांच्या मुलांना खेळण्याचा दिवस हक्काने द्या, आणि जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना शिकवायला तुमचा प्रशिक्षक पाठवा. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी गोल्फ कोर्स केला, तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. म्हणजे सार्वजनिक संस्थेला हे चालवता येतं हे महाराष्ट्रात दिसलेलं आहे. एरवी बंद मैदानांचं काय होतं, त्याचाही एक धडा नाशिकला आहे. तिथल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. पण तिथे पहाटे लोक धावतात आणि रणजी करंडकाचे सामने होतात. गोल्फचं तिथे नाव तेवढं उरलं. शहर दाटलं की मोठी मोकळी जागा लोक मागतातच. ज्या खेळाला गावात चार मित्र नसतात, त्याची बाजू घ्यायला त्या वेळी कोण उभा राहणार?

सभासद: मग माझं एक ऐका. आमच्या क्लबांच्या मागे लागण्यापेक्षा सरकारकडे नवीन सार्वजनिक कोर्स मागा. इथेच मागा. पाचगणीसारखी हवा कुठे आहे? हे पठार तर आयतं सपाट आहे.

पाहुणा: नको. आणि इथेच माझं सगळं म्हणणं एकत्र येतं. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. महाबळेश्वराला पाऊस किती पडतो ते सगळ्या देशाला माहीत आहे, तरी उन्हाळ्यात या डोंगरांवरच्या वाड्या-वस्त्यांना पाण्याची चणचण भासते, कारण जांभ्यातून पाणी झिरपून खाली निघून जातं. अशा जागी कोर्स करायचा म्हणजे बाहेरून माती आणून पसरायची, खत घालायचं, औषधं फवारायची, आणि ऐन मे महिन्यात गावाच्या तोंडचं पाणी हिरवळीला पाजायचं. सड्यावरची चिमुकली पावसाळी रोपं त्या आणलेल्या मातीखाली कायमची जातील. गोल्फवर कितीही प्रेम असलं तरी ही किंमत मी देणार नाही. पण नवीन कोर्सची मागणी येते कुठून? बाहेर राहिलेल्या खेळाडूंकडून. असा प्रत्येक जण डोंगर फोडून बांधल्या जाणाऱ्या पुढच्या टाउनशिपचा गिऱ्हाईक असतो, कारण तिच्या जाहिरातीत बंगल्याबरोबर मैदान दाखवलेलं असतं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत ते झालं, आणि सह्याद्रीत आणखी ठिकाणी व्हावं अशी इच्छा असणारे पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईची जुनी मैदानं तर आधीच तयार आहेत. त्यांची माती मुरलेली आहे, झाडं वाढलेली आहेत, पाण्याची सोय लागलेली आहे, आणि आठवड्यातल्या कितीतरी वेळा ती रिकामी असतात. तो रिकामा वेळ बाहेरच्यांना द्या, म्हणजे पश्चिम घाटातली एखादी टेकडी सपाट व्हायची वाचेल. टेबललँडवर गोल्फ नको म्हणण्याचा हक्क मला हवा असेल, तर तुमच्या मैदानावर मला खेळू द्या असं म्हणणं भागच आहे.

सभासद: क्लबहाउस मात्र सोडणार नाही. रविवारही नाही. आणि हँडिकॅपची अट मी ठरवणार.

पाहुणा: रविवार तुमचा, अट तुमची. फक्त ती अट फाटकाबाहेरच्या फलकावर मराठीत लिहा, म्हणजे कुणालाही वाचता येईल.

सभासद: पुढच्या सर्वसाधारण सभेत मी मंगळवारचा ठराव मांडतो. पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पाहुणा: म्युअरफील्डचाही पहिल्यांदा पडलाच होता. किती मतांनी पडतो तेवढं लिहून ठेवा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा मांडू.